शांत स्वभावाचा रहिवासी

भिंत गरम आहे हे आईला केव्हापासूनच माहीत होतं, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही. या वयात एखादी गोष्ट मनासारखी मिळाली आणि ती बोलून दाखवली, की घरातली माणसं ती दुरुस्त करायला धावतात, असा तिचा अनुभव होता. तो याही वेळी खरा ठरला.

निरीक्षकांना भिंतीचा पत्ता लागला तो कडक थंडीतल्या एका सकाळी. आईच्या पलंगाखाली गेलेली वर्तमानपत्राची पुरवणी काढायला ते वाकले, उठताना तोल गेला आणि हात भिंतीला टेकला. टेकला तसा त्यांनी तो झटकन मागे घेतला. बाहेर लोक कान बांधून फिरत होते, घरात फरशीवर अनवाणी पाय ठेवणं जिवावर येत होतं, आणि ही भिंत कोमट होती. खुर्चीवरून कुणी नुकतंच उठून गेलं की ती हाताला लागते, तशी.

"आई, ही भिंत गरम आहे!"

"असू दे." आई त्याच भिंतीला पाठ लावून बसली होती. "तुझं काय घेतलंय तिने?"

दुसऱ्या कुणी असू दिलंही असतं. पण निरीक्षकांची एकतीस वर्षं वजनमापे खात्यात गेली होती. दुकानदारांचे तराजू, दुधाची मापं, कापडाचे गज तपासता तपासता त्यांची अशी धारणा होऊन बसली होती, की जी गोष्ट मोजलेली नाही ती अजून पुरती घडलेलीच नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी ती धारणा काही निवृत्त झाली नव्हती. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर 'निरीक्षकसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'तराजू'. त्यांना हे ठाऊक होतं. राग होता तो नावाचा नव्हता, त्यातल्या चुकीचा होता. त्यांचा हातखंडा तराजूत नव्हे, लिटरच्या मापात होता, आणि हे एवढ्या वर्षांत एकालाही माहीत नसावं याचं त्यांना वाईट वाटे.

शिवाय भिंतीच्या पलीकडे पाच नंबर होतं, आणि पाच नंबर बंद होतं. किती वर्षं, ते कुणाला सांगता येत नव्हतं. दारावरची नावाची पाटी कुणीतरी काढून नेली होती आणि तिच्या चार स्क्रूंची चार भोकं तेवढी उरली होती. त्या दारासमोर पायपुसणं नव्हतं, चप्पल नव्हती, आणि जिन्यावरून चढताना प्रत्येक जण तिथे नकळत दोन पायऱ्या भरभर चढत असे. विचारलं असतं तर कुणी कबूल केलं नसतं.

अशा बंद घराची भिंत कोमट होती. निरीक्षकांनी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आणला, तो चिकटपट्टीने भिंतीला लावला आणि घड्याळ पाहत तीन मिनिटं उभे राहिले. आकडा आला साडेछत्तीस. त्यांनी तो पुसून पुन्हा लावला. पुन्हा साडेछत्तीस.

"हे तर निरोगी माणसाचं तापमान आहे," ते बायकोला म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांच्या मानेवर काटा आला.

बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. निघायच्या घाईत तिने एक बूट घातला होता आणि दुसरा शोधत होती. "अहो, मग काळजी कसली करताय? बरी आहे म्हणायची भिंत," असं म्हणून ती निघून गेली.

निरीक्षकांनी मात्र त्याच दिवशी नवी नोंदवही आखली. सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सात, अशा दिवसाच्या पाच नोंदी. प्रत्येक नोंदीला तीन मिनिटं. एक रकाना तापमानाचा, एक हवेचा, एक शेऱ्याचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याआधी आईच्या खोलीत जायचा निरीक्षकांचा प्रघात नव्हता. प्रेम नव्हतं असं कुणी समजू नये. ते आंघोळीला जाताना, बाजारात निघताना, आल्यावर, त्या खोलीच्या दारावरून जात आणि जाता जाता विचारत, "आई, आहेस ना?" आतून आवाज येई, "आहे." मग ते पुढे जात. दोघांचंही तब्येतीचं, मनाचं आणि एकंदर संसाराचं बोलणं या चार शब्दांत उरकत असे. आता मात्र ते दिवसातून पाच वेळा आत येऊन तीन तीन मिनिटं उभे राहू लागले. तिसऱ्या दिवसापासून आई पावणेसातला केस विंचरून तयार बसू लागली. पाचव्या दिवशी तिने पलंगाजवळ दुसरी खुर्ची मांडून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात यातलं काहीच आलं नाही.

"दुपारी तो जरा जास्त दमतो," आई भिंतीकडे मान करून सांगे.

"हं," निरीक्षक म्हणत. डोळे घड्याळावर.

"मग मध्येच थांबतो. मोठा श्वास घेतो. मला वाटतं पाणी पीत असेल. परत सुरू होतो."

"हं. सदतीस. दुपारी अर्धा अंश जास्त."

"तेच सांगतेय मी."

नवव्या दिवशी निरीक्षकांनी भिंतीला कान लावला, आणि आई म्हणत होती ते त्यांना ऐकू आलं. आत कुणीतरी एकाच सुरात, तोंड मिटून गुणगुणत होतं. सूर चढत नव्हता, उतरत नव्हता, आणि श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मध्ये थांबत होता. कान काढला तरी तो सूर ऐकू येत राहिला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की तो या घरात नेहमीच होता. ते स्वयंपाकघरात गेले, तिथेही होता. जिन्यात होता. इतकी वर्षं ते या आवाजात जेवले होते, भांडले होते, झोपले होते आणि त्यालाच शांतता समजत होते.

बातमी जिन्यावरून खाली गेली आणि सल्ले वर आले. तळमजल्यावरचा चष्मेवाला म्हणाला, "साहेब, गरम पाण्याचा पाइप फुटलाय. माझ्या मेहुण्याकडे अगदी असंच झालं होतं." मेहुण्याच्या घराचं पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी टेप गळ्यातच ठेवून भिंतीची पाहणी केली आणि निकाल दिला, "मधमाश्या. भिंतीच्या पोकळीत पोळं आहे. माश्या थंडीत अंग घासून ऊब करतात आणि गुणगुणतात. दोन्ही लक्षणं जुळतात बघा." लक्षणं जुळत होती, हे नाकारता येत नव्हतं. निरीक्षकांनी मधाची पोळी काढणारा बोलावला.

तो जाळीचा टोप, धुराचा डबा असा सगळा सरंजाम घेऊन आला. वीस वर्षं माश्यांत काढलेला माणूस. त्याने भिंतीला बोटभर भोक पाडलं, आणि भोकातून गरम वाऱ्याचा झोत फस्सकन बाहेर आला. आईच्या उशीवरचं मासिक फडफडून पानं उलटू लागलं. त्याने टोप काढला आणि भोकाशी कान लावला.

"माश्या आहेत ना?" निरीक्षकांनी विचारलं.

"साहेब, माश्या दचकतात," तो हळूच म्हणाला. "भोक पाडलं की सूर बदलतो. हे जे काय आहे ना, ते दचकलं नाही." त्याने सामान आवरलं, चहा नको म्हणाला आणि धुराचा डबा विसरून गेला. तो परत न्यायलाही कधी आला नाही.

निरीक्षकांनी भोकाला डोळा लावला. गरम वाऱ्याने डोळ्यात पाणी आलं. पलीकडे काळोख होता आणि काळोखात दूरवर एक हिरवा ठिपका. तो मिटला. उघडला. मिटला. ते भोकापासून मागे सरकले ते थेट दुसऱ्या खुर्चीवर बसले. आईला फार बरं वाटलं. तिने खुर्ची मांडल्यापासून ते पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसत होते.

भोकाला त्यांनी बूच बसवलं. पण बायकोला आता भोकाचा उपयोग कळला होता. त्या गारठ्यात तीन तीन दिवस न वाळणारे मोजे बूच काढून समोर धरले की वीस मिनिटांत कडक होत. "अहो, राहू द्या ना जे असेल ते," ती म्हणू लागली. घरात फितुरी माजली होती आणि भिंतीच्या विरोधात निरीक्षक एकटे पडले होते.

एकटा पडलेला माणूस जास्तच शास्त्रशुद्ध होतो. जिन्याखाली सहा मीटरांची पेटी होती. वीज वापरली की मीटरचा लाल दिवा लुकलुकतो, आणि जितकी जास्त वीज तितका तो भरभर लुकलुकतो. निरीक्षकांनी घड्याळ लावून मोजलं. पाच बिऱ्हाडांचे पाच दिवे मिळून मिनिटाला साठ वेळा. पाच नंबरचा एकट्याचा, दोनशे सासष्ट. बाकीचे दिवे डोळा मिचकावत होते, हा थरथरत होता. ज्या घरात कुणी राहत नाही, त्या घराला अख्ख्या इमारतीच्या चौपटीहून जास्त वीज लागत होती.

ते तसेच वर गेले आणि पाच नंबरच्या दाराशी वाकले. दाराखालच्या फटीतून बोटांना गार वारा लागला. तिकडे भिंत गरम आणि इकडे दारातून गारवा. ते जमिनीवर आडवे झाले, थर्मामीटर फटीत सरकवला आणि गाल फरशीला टेकून वाट पाहत राहिले. शिवणाऱ्या बाई नेमक्या तेव्हाच जिना चढत होत्या.

"अगं बाई! साहेब, चक्कर आली का?"

"नाही. मोजतोय."

"काय?"

"आतली थंडी. पण हा थर्मामीटर पस्तिसाच्या खाली बोलत नाही."

बाई त्यांना ओलांडून वर गेल्या. संध्याकाळपर्यंत तराजूंचं डोकं फिरल्याची बातमी चष्मेवाल्यापर्यंत पोचली होती. त्याने नजर मोफत तपासून द्यायची तयारी दाखवली, ती निरीक्षकांना फारच लागली.

वीज कार्यालयातल्या कारकुनाने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वीज येते का तुमच्याकडे?"

"येते."

"मग तक्रार कसली?"

"शेजारच्या बंद घरात फार वीज जाते."

"पाच नंबर," कारकुनाने पडद्यावर पाहिलं. "उत्तम ग्राहक आहे. नऊ वर्षांत एक तक्रार नाही. तुम्ही मात्र या वर्षात दोनदा केलीत."

"पण तिथे कुणी राहतच नाही!"

"तसा दाखला आणा. शेजाऱ्यांच्या सह्यांचा."

निरीक्षकांनी दाखला लिहिला, 'पाच नंबरमध्ये कोणीही राहत नाही.' इतकं साधं वाक्य, पण ते वाचून प्रत्येकाचा हात अडला. चष्मेवाला म्हणाला, "साहेब, नक्की माहीत नसताना सही कशी करू?" शिवणाऱ्या बाई त्याहून स्पष्ट बोलल्या. "मी वर एकटी असते. उद्या त्याने वाचलं तर?" हा 'तो' कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि निरीक्षकांनी विचारलं नाही. शेवटी दाखल्याशिवायच कार्यालयाचा अधिकारी चौकशीला आला. पाच नंबरची बेल दाबली, ती वाजली नाही. मग तो शेजारचा जबाब घ्यायला म्हणून सरळ आईच्या खोलीत गेला आणि निरीक्षक चहाचं पाहायला गेले. परत येईपर्यंत जबाब पुरा झाला होता. खाली आईची सही होती आणि वर लिहिलं होतं: 'शेजारी राहणाऱ्या वृद्ध महिलेच्या म्हणण्यानुसार रहिवासी शांत स्वभावाचा असून त्याचा कोणासही उपद्रव नाही.'

"आई, तू हे काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. खोटं सही करून कसं सांगू?"

अधिकाऱ्याकडून एक गोष्ट तेवढी हाती लागली, मीटर कुणाच्या नावावर आहे ती. ते एका फोन कंपनीच्या नावावर होतं. ती कंपनी दुसरीने गिळली होती आणि दुसरी तिसरीने. तिसरीला निरीक्षकांनी फोन केला. तिथली माणसं फार गोड बोलली. त्यांच्या यादीप्रमाणे ती जागा नऊ वर्षांपूर्वीच बंद झाली होती.

"पण आत काहीतरी चालू आहे."

"नाही साहेब, ते बंद आहे."

"माझ्या कानाला ऐकू येतंय. हा बघा, फोन भिंतीला लावतो."

त्यांनी लावला. मग तो गोड आवाज थोडा कमी गोड झाला. "साहेब, हे आपण वाजवताय का?"

निरीक्षकांनी कागद काढला. तेवीस दिवसांच्या एकशे पंधरा नोंदी, आलेख, मीटरचे आकडे आणि भोकाचा आडवा छेद जोडून सात पानी पत्र धाडलं. आणि आश्चर्य म्हणजे आठव्या दिवशी सकाळी दहाच्या नोंदीला दारात एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, हातात हत्यारांची पेटी, खांद्याच्या पिशवीतून जाड स्वेटर डोकावत होता. कंपनीच्या इंजिनिअर.

"पत्र तुम्हीच लिहिलंत? बावीस वर्षं या कामात आहे मी. आमच्या माणसांनी कधी इतक्या नीट नोंदी ठेवल्या नाहीत."

निरीक्षक लगेच नोंदवही घेऊन आले. महिनाभरात त्यांच्याशी माणसासारखं बोललेलं हे पहिलंच माणूस होतं. दुसरं, म्हणजे आई, त्यांनी मोजलं नव्हतं.

कुलपाला इंजिनिअरबाईंची किल्ली लागली नाही, ते कापावं लागलं. दार उघडलं आणि जिन्यात गारठा पसरला. आत दिवा नव्हता, पण काळोखही नव्हता. माणसाच्या उंचीची चार कपाटं ओळीने उभी होती आणि त्यांच्या अंगावर शेकडो हिरवे ठिपके लुकलुकत होते. कुठे धूळ नाही, जाळं नाही, एक मेलेली माशीसुद्धा नाही. मधोमध एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर घातलेला, आणि वरच्या गार वाऱ्याने त्याच्या दोन्ही बाह्या संथपणे हलत होत्या. चष्मेवाला उंबऱ्याबाहेरूनच परत फिरला. दुकान उघडं टाकून आल्याचं त्याला आठवलं.

"घाबरू नका," इंजिनिअरबाई आपला स्वेटर अंगात घालत म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज खाली आला होता. "पूर्वी या भागातले सगळे फोन इथून जायचे. मग सगळं दुसरीकडे हलवलं. ही जागा बंद करायचा कागद निघाला, आणि कागदावर झालीही. प्रत्यक्ष बटण बंद करायला जो यायचा, तो त्याच आठवड्यात निवृत्त झाला. स्वेटर त्याचाच असेल."

"आणि भिंत?"

"यंत्रं चालली की तापतात. तापली की मरतात. म्हणून खोली गार ठेवायची. पण ऊब कुठे नाहीशी होत नाही ना काका, ती उचलून दुसरीकडे टाकावी लागते. इथल्या न्हाणीघरात टाकलीय. त्याला लागून तुमची भिंत. यंत्र जेवढी वीज खातं, जवळजवळ तेवढीच त्याला गार ठेवायला."

"आणि एवढं करून ते करतं काय?"

बाईंनी एका कपाटाला आपला छोटा संगणक जोडला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "काहीच नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावाला असंच एक आहे, तेही विसरलेलं दिसतंय. हे दर दहा सेकंदांनी त्याला विचारतं, 'आहेस का?' ते म्हणतं, 'आहे.' मग ते विचारतं आणि हे म्हणतं, 'आहे.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

मागे काठीचा आवाज झाला. आई आली होती, हातात आपली शाल घेऊन. ती कपाटांपाशी गेली आणि एकाच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहिली. "एवढ्या गारठ्यात ठेवलंत होय याला?"

"त्याला गारच लागतं, आजी."

"असं तो म्हणाला?" बाई पडद्याकडे वळल्या. त्याला पांघरायला आणलेली शाल आईने परत आपल्याच खांद्यावर घेतली. "बरं, आणि पलीकडून उत्तर आलंच नाही तर काय करतो?"

"तीनदा विचारतं. तिसऱ्यांदाही नाही आलं, की माणूस पाठवा म्हणून निरोप जातो."

"तीनदा," आई म्हणाली.

बंद करायचा दिवस ठरला गुरुवार, सकाळी अकरा. त्या दिवशी दहाच्या नोंदीला आई भिंतीला पाठ लावून बसली होती.

"राहू दे ना त्याला. कुणाचं काय खातोय?"

"वीज खातोय. कशासाठी? काही कारण नसताना. हे चूक आहे, आई." आणि ते खरंच चूक होतं, याबद्दल कुणाचं दुमत असू नये.

"तो गेला की तू कशाला येशील?"

"हं," निरीक्षक म्हणाले. "छत्तीस पूर्णांक आठ."

अकरा वाजता इंजिनिअरबाईंनी एकेक कपाट बंद केलं. हिरवे ठिपके ओळीने मिटत गेले. शेवटी वारा थांबला, स्वेटरच्या बाह्या खाली आल्या आणि तो सूर तुटला. मग इमारतीतली दारं एकामागून एक उघडली. चष्मेवाला चष्मा हातात घेऊन रस्त्यावर आला. शिवणाऱ्या बाई मशिनवरचा पाय काढून जिन्यात आल्या. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं, आणि म्हणूनच सगळे बाहेर आले होते. "काय झालं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच इतका मोठा वाटला, की त्यांनी तोंडावर हात ठेवला.

दुपारी टेम्पो येऊन कपाटं घेऊन गेला. चार वाजता निरीक्षकांनी नोंदवहीत दुहेरी रेघ ओढली आणि खाली 'प्रकरण समाप्त' लिहिलं. मोठं काम हातावेगळं झाल्यावर माणसाला जे समाधान वाटायला हवं, त्याची ते वाट पाहत बसले. ते आलं नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी फार ऐकू येत होती.

सात वाजता फोन वाजला. इंजिनिअरबाई होत्या. "काका, एक विचारायचं होतं. तिथलं काही परत चालू केलंत का?"

"काय चालू करणार? तुम्ही सगळं घेऊन गेलात."

"हो, माझ्या समोर टेम्पोतच आहे अजून." त्या थांबल्या. "उत्तर मिळालं नाही, माणूस पाठवा, असा निरोप दुसऱ्या टोकाकडून यायला हवा होता. तिकडचं यंत्र म्हणतंय, उत्तर येतंय. जाऊ द्या. जुनं झालंय, बिघडलं असेल." आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

निरीक्षक फोन हातात धरून उभे होते तेव्हा त्यांना तो ऐकू आला. तोच सूर. एकसारखा, मिटल्या तोंडाचा, श्वासापुरता थांबणारा. ते बाहेर आले. पाच नंबरच्या मीटरचा दिवा विझलेला होता, हे त्यांनी स्वतः दुपारी पाहिलं होतं. सूर आईच्या खोलीतून येत होता. आत दिवा लावलेला नव्हता.

ते दारावरूनच म्हणाले, "आई, आहेस ना?"

सूर थांबला. उत्तर आलं नाही.

असं आजवर कधी झालं नव्हतं. "आई?" निरीक्षक दाराजवळ सरकले. "आई, आहेस ना?"

काहीच नाही. सकाळी दहाला ती जे म्हणाली होती, ते त्यांना आता ऐकू आलं, शब्दन् शब्द. तापमान लिहिता लिहिता आपण 'हं' म्हणालो होतो तेही ऐकू आलं.

"आई गं, आहेस ना?" त्यांनी दार ढकललं आणि चाचपडत दिवा लावला.

आई पलंगावर शाल पांघरून बसली होती. भिंतीला टेकली नव्हती. त्यांच्याकडे पाहत होती आणि तिने तीन बोटं वर केली होती.

"तीन झाले," ती म्हणाली. "मग आलास."

"उत्तर का दिलं नाहीस? जीव गेला होता माझा!"

"एवढी वर्षं दिलं की. उत्तर मिळालं की तू पुढे जातोस."

निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी भोकातला गरम वारा त्याला कारण नव्हता. ते दुसऱ्या खुर्चीवर बसले. खिशात थर्मामीटर होता, तो तसाच राहिला. मागे टेकले तर भिंत चांगलीच गार होती.

"आणि तो आवाज?"

"मीच काढत होते. घर फार गप्प पडलं रे. अंगावर येतं." तिने शालीचं एक टोक त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं आणि ओठ मिटून पुन्हा सुरुवात केली. बरोबर तोच सूर, कमी नाही, जास्त नाही. मापाच्या बाबतीत हा गुण आपल्याला कुठून आला, ते निरीक्षकांना त्या दिवशी कळलं. थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग त्यांनीही ओठ मिटले आणि सूर लावून पाहिला. दोन-तीनदा चुकला, मग लागला.

वरच्या मजल्याचं दार उघडलं. शिवणाऱ्या बाई कठड्यावरून खाली वाकून ओरडल्या, "अहो वहिनी! परत सुरू झालं का हो ते?"

"हो!" बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं. "सुरू झालं!"

"बरं झालं बाई," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.